लस तपासायला धडधाकट माणसाला मुद्दाम आजारी पाडावं का? आणि ती माणसं सोलापूरची असली तर?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. लशींचा पाठ निघाला की वर्ग दरवर्षी एकाच ठिकाणी अडतो, म्हणून तो विषय इथं मांडतो.

टायफॉइडची टीसीव्ही लस तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मुलांना टोचून घेतली असेल. हैदराबादच्या भारत बायोटेकची. २०१३ मध्ये तिला आपल्याकडे परवाना मिळाला, तो रक्तात अँटीबॉडी वाढतात एवढ्या आधारावर. अँटीबॉडी वाढल्या म्हणजे टायफॉइड टळतो का, हे पहिल्यांदा तपासलं गेलं इंग्लंडात, ऑक्सफर्डला. सुमारे शंभर निरोगी माणसं आपणहून पुढं आली. काहींना ही लस दिली, काहींना टायफॉइडची जुनी लस, आणि काहींना टायफॉइडची कुठलीच लस दिली नाही. मग साधारण महिन्याभरानं सगळ्यांना सोड्याचं पाणी पाजून पोटातलं आम्ल मारलं आणि त्यावर टायफॉइडचे दहा ते पन्नास हजार जिवंत जंतू प्यायला दिले. टायफॉइडची कुठलीच लस न मिळालेल्या ३१ जणांपैकी २४ जणांना टायफॉइड झाला. ही लस मिळालेल्या ३७ पैकी १३ जणांना. म्हणजे संरक्षण ५४.६ टक्के.

आकडा कमी वाटतो ना? पण तिथं रोज रक्त काढून तपासत होते. ताप नसला, नुसता रक्तात जंतू सापडला तरी त्याची गणती आजाऱ्यात. ज्यांना आधी ताप आला आणि मग रक्तात जंतू सापडला, म्हणजे आपल्याकडे जे डॉक्टरची पायरी चढले असते, तेवढेच धरले तर संरक्षण ८७ टक्के निघतं. हे निष्कर्ष २०१७ ला आले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं टायफॉइडग्रस्त देशांसाठी लशीची शिफारस केली आणि नवी मुंबई महापालिकेनं ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ती द्यायला सुरुवात केली. नेपाळात ललितपूरला २०,००० मुलांवर मोठी चाचणी झाली आणि २०१९ ला उत्तर आलं, ८१.६ टक्के. म्हणजे शंभर माणसांनी दिलेला अंदाज वीस हजारांनी खरा ठरवला.

आपल्या गावात नळाला दिवसाआड काय, चार-चार दिवसांनी पाणी येतं आणि आपण ते पिंपात साठवून पितो. टायफॉइडची लस हा आपल्यासाठी घरचा प्रश्न आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. अशा चाचण्या, ज्यांना 'चॅलेंज ट्रायल' म्हणतात, त्या व्हाव्यात, भारतातही व्हाव्यात. पण ज्या आजाराला हमखास औषध आहे त्याच्याच, आणि 'नाही' म्हटल्यावर ज्याचं काहीच बिघडत नाही अशाच माणसावर. तुम्हाला काय वाटतं?

अक्कलकोटी

सर, मुद्दाम रोग लावायचा ही कल्पनाच अंगावर येते. उंदरांवर, माकडांवर का नाही करत?

सूक्ष्मदर्शी

टायफॉइडचा जंतू निसर्गात फक्त माणसालाच धरतो. उंदराला दिला तर माणसासारखा आजार होतच नाही. कॉलऱ्याचंही पुष्कळसं तसंच. अमेरिकेत २०१६ ला परवाना मिळालेली कॉलऱ्याची तोंडावाटे घ्यायची लस याच पद्धतीनं तपासली गेली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्वयंसेवकांना कॉलऱ्याचे जंतू पाजले. दहाव्या दिवशी संरक्षण ९० टक्के, तीन महिन्यांनी ८० टक्के. तिथं कॉलऱ्याची साथच येत नाही, मग दुसऱ्या मार्गानं लस तपासणार कशी?

पार्कचौक

माहिती चांगली दिलीत, पण मला हे मुळातच पटत नाही, आणि त्याला कारण इतिहास आहे.

१९४६ ते १९४८ या काळात ग्वाटेमालात अमेरिकी सरकारच्या पैशानं कैदी, सैनिक आणि मनोरुग्णालयातले रुग्ण यांना सिफिलिस आणि परमा मुद्दाम लावला. तिकडं न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालू होता तेव्हाच. अमेरिकेनं माफी मागितली २०१० साली. जे भोगले त्यातले किती जण ती ऐकायला उरले असतील?

न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या लहान मुलांना हिपॅटायटिसचा विषाणू दिला. तिथं तर आईवडिलांच्या सह्या होत्या. पण पुढंपुढं संस्थेत प्रवेश बंद झाले आणि जागा शिल्लक होती ती फक्त प्रयोगाच्या वॉर्डात. ज्या आईला घरी मूल सांभाळणं अशक्य झालंय, ती सही करणार नाही तर काय करणार? त्या सहीला संमती म्हणायचं का?

आणि लांब कशाला जायचं, आपल्या शेजारी तेव्हाच्या आंध्रात, आताच्या तेलंगणात, खम्ममला २००९-१० मध्ये एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) प्रकल्प झाला. तिथं रोग लावला नव्हता, लसच दिली होती, हे मान्य. पण वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर सह्या वॉर्डननं केल्या. संसदीय समितीनं २०१३ ला त्यावर कडक ताशेरे ओढले. साध्या लशीची संमती आपल्याला नीट घेता आली नाही, आणि आपण जंतू पाजायची संमती घेणार?

सूक्ष्मदर्शी

तुमचं एकही उदाहरण मला नाकारायचं नाही. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्या माणसांना नकार देण्याची सोयच नव्हती. म्हणून माझी दुसरी अट आहे.

पहिली अट कुठून आली तेही सांगतो. १९०० साली क्युबात वॉल्टर रीडच्या पथकानं पीतज्वर डासामुळं पसरतो हे दाखवलं. स्वयंसेवकांशी लेखी करार केला. शंभर डॉलरचं सोनं, आजारी पडलास तर आणखी शंभर. त्या काळी लेखी करार म्हणजे मोठी गोष्ट. पण पीतज्वरावर औषध नव्हतं. पथकातला डॉक्टर जेसी लाझियर त्यातच गेला. पुढच्या वर्षी क्लारा मास नावाची २५ वर्षांची परिचारिका दुसऱ्या एका प्रयोगात डास चाववून घेऊन वारली, आणि माणसांवरचे ते प्रयोग थांबले. संमती होती, करार होता, धैर्यही होतं. वाचवायला हातात काही नव्हतं. त्यामुळं नुसत्या संमतीनं भागत नाही.

अक्कलकोटी

हाफकिननं १८९७ ला भायखळ्यात प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली होती ना? डॉक्टरांनी आधी स्वतःवर करावं, मग बाकीच्यांवर.

पार्कचौक

त्यानं मारलेल्या जंतूंची लस टोचून घेतली होती, जिवंत प्लेग नव्हे. दोन्हींत फरक आहे. जिवंत जंतू पिणारा बॅरी मार्शल, १९८४ ला. जठराच्या सुजेला आणि अल्सरला जंतू कारण आहे हे दाखवण्यासाठी. पुढं नोबेल मिळालं. पण एकट्या डॉक्टरनं स्वतःवर करून लस सिद्ध होत नाही, त्याला तुलना करायला गट लागतो.

देगावरोड

कोविडच्या वेळी हे आधीच केलं असतं तर किती जीव वाचले असते! २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या गावानं काय पाहिलंय हे सांगायला नको. तेव्हा जगभरातली हजारो तरुण मुलं 'आम्हाला विषाणू द्या, पण लस लवकर काढा' म्हणत नाव नोंदवत होती. त्यांना थांबवणारे आपण कोण?

सूक्ष्मदर्शी

वन डे सूनर या संस्थेकडं ती नावं आली होती. त्या मुलांबद्दल मला आदरच आहे. पण प्रत्यक्षात घडलं ते असं: ब्रिटननं कोविडच्या चॅलेंज ट्रायलला परवानगी दिली फेब्रुवारी २०२१ मध्ये. तोवर ब्रिटनमध्ये डिसेंबरपासून आणि आपल्याकडे १६ जानेवारीपासून लसीकरण सुरू झालं होतं. म्हणजे पहिल्या लशींना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. कारण सोपं आहे. साथ इतकी भडकली होती की नेहमीच्या चाचण्यांतच पुरेशी माणसं आजारी पडत होती, उत्तर लवकर आलं. शिवाय चॅलेंजसाठी विषाणूचा शुद्ध साठा तयार करायचा, किती मात्रेनं संसर्ग होतो ते बघायचं, यातच महिने जातात.

त्या चाचणीत १८ ते २९ वयाचे ३६ स्वयंसेवक होते, नाकात थेंब टाकून अगदी थोडी मात्रा दिली. ज्यांची मोजणी झाली त्या ३४ पैकी १८ जणांना संसर्ग झाला. कुणालाही गंभीर आजार झाला नाही. पण बऱ्याच जणांचा वास गेला, आणि काहींचा परत यायला महिने लागले. विषाणू शरीरात गेल्यावर दोन दिवसांच्या आतच घशात सापडतो, पाचव्या दिवसाच्या सुमारास नाकात सर्वांत जास्त असतो, हे घड्याळ लावून कळलं. ते दुसऱ्या कुठल्याच मार्गानं कळलं नसतं, कारण संसर्ग नेमका कधी झाला हे रस्त्यावरच्या रुग्णाला माहीत नसतं.

म्हणून माझ्या मते हे हत्यार साथीच्या धामधुमीतलं नाही. टायफॉइड, मलेरिया, कॉलरा, शिगेला जंतूची आव अशा जुन्या, चिवट रोगांचं आहे.

रातपाळी

निवासी डॉक्टर आहे, उशिरा लिहितोय. सरांच्या पहिल्या अटीला माझी दुरुस्ती आहे. 'हमखास औषध आहे' एवढं पुरत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली आणि आपल्या सोलापुरातही एक संशयित मृत्यू झाला, आठवत असेल. तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर हे नाव घरोघरी पोचलं. हा जुलाबाचा जंतू. अँटिबायोटिकनं मरतो, पुष्कळदा औषध न देताही माणूस बरा होतो. पण त्याच्या काही वाणांचं आवरण आपल्या नसांवरच्या रेणूंसारखं असतं. शरीर जंतूविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि त्या नसांवरच उलटतात. जुलाब थांबून आठ-पंधरा दिवस झालेले असतात, माणूस कामावर गेलेला असतो, आणि मग पायातली ताकद जायला लागते. मी असा पेशंट पाहिलाय. चालत आला होता, दुसऱ्या दिवशी पाणी गिळता येईना.

आता कॅम्पिलोबॅक्टरच्या लशीसाठीही चॅलेंज ट्रायल झाल्या आहेत. हा धोका ओळखून संशोधकांनी सीजी ८४२१ नावाचा वाण शोधला, ज्याच्या आवरणात नसांशी असलेलं ते साम्य नाही. म्हणजे खरा प्रश्न 'जंतू मारता येतो का' हा नाही. जंतू गेल्यावर मागं काय उरू शकतं, हा आहे. टायफॉइडमध्येही स्वयंसेवकाची आधी सोनोग्राफी करतात, पित्ताशयात खडे असतील तर घेत नाहीत. कारण खड्यांच्या आडोशानं जंतू दडून राहतो आणि तो माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्यांना टायफॉइड वाटत फिरतो.

सूक्ष्मदर्शी

मान्य. अट अशी करू: औषध हवंच, आणि औषधानंतर मागं काही उरू नये. झिका विषाणूच्या वेळी, २०१७ ला, अमेरिकेतल्या नीतितज्ज्ञांच्या गटानं 'सध्या नको' म्हणून सांगितलं ते याच धर्तीवर. स्वयंसेवकाला धोका कमी होता, पण त्याच्याकडून जोडीदाराला आणि पोटातल्या बाळाला होऊ शकला असता. त्या बाळाची संमती कोण घेणार?

बाळीवेस

मूळचा बाळीवेशीतला, सध्या नोकरीसाठी इंग्लंडात. हा धागा वाचून लिहायलाच हवं असं वाटलं.

इथं मलेरियाच्या एका चॅलेंज अभ्यासात नाव द्यायला गेलो होतो. जाळी लावलेल्या छोट्या डब्यात मलेरियाचे पाच डास असतात, तो डबा हातावर धरायचा. आठवड्यानंतर दिवसातून दोनदा रक्त द्यायला जायचं, परजीवी सापडला की लगेच गोळ्या. माहितीपत्रक कितीतरी पानांचं. ते वाचून झाल्यावर चक्क प्रश्नपत्रिका दिली. 'तुम्ही मधेच बाहेर पडू शकता का', 'या अभ्यासाचा तुमच्या तब्येतीला काही फायदा आहे का', असले प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आहे, आणि ते आल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. मला ते फार आवडलं.

पण मला घेतलं नाही. मलेरिया असलेल्या देशात माझं आयुष्य गेलंय, अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती असू शकते, म्हणून. टायफॉइडच्या अभ्यासांतही असाच नियम असतो असं तिथल्या नर्सनं सांगितलं. राग नाही आला, पण परत येताना डोक्यात एकच विचार. ज्यांना टायफॉइड, मलेरिया कधीच होत नाही त्यांच्या अंगावर लस तपासायची आणि लागू करायची आपल्यावर. आपलं पोट, आपलं पाणी, लहानपणापासून झालेले आपले जुलाब, हे सगळं हिशोबाच्या बाहेर.

सूक्ष्मदर्शी

बाळीवेस, धाग्याचा गाभाच सांगितलात. म्हणूनच केनियात किलिफीला तिथल्याच प्रौढांवर मलेरियाचे असे अभ्यास झाले, मलावीत ब्लँटायरला न्यूमोकोकसचे, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूचे. किलिफीत दिसलं ते असं की ज्यांच्या अंगात आधीची प्रतिकारशक्ती आहे त्यांच्यापैकी काहींमध्ये परजीवी वाढतच नाही. असं का, हे कळलं तर पुढची लस त्यावर बेतता येईल. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जैवनीतिशास्त्र विभागानं २०२३ ला अशा अभ्यासांबद्दल धोरणाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता. म्हणजे हा विषय उद्या दारात येणार आहे.

सिस्टरताई

मी वॉर्डात वीसेक वर्षं काढली आहेत, म्हणून बोलते. संमतीपत्र आपल्याकडे कसं होतं ते सांगते. पेशंट स्ट्रेचरवर, नातेवाईक घाबरलेला, आणि फॉर्म त्याच्या हातात. तो एकच विचारतो, "सही कुठं करू?" वाचून दाखवायला लागलं तर म्हणतात, "राहू द्या ओ सिस्टर, तुम्ही वाईट थोडंच करणार." म्हातारी बाई अंगठा उठवते आणि शाई पदराला पुसते. कशावर उठवला ते तिला ठाऊक नसतं. शहराच्या पूर्व भागातून आलेल्या कितीतरी बायकांना मराठी बोलता येतं, पण आजाराचं सगळं समजतं ते तेलुगूतूनच. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडच्यांना कानडीतून. फॉर्म इंग्रजी नाहीतर पुस्तकी मराठीत.

हा लोकांचा आमच्यावरचा विश्वास आहे आणि मला त्याची किंमत आहे. पण त्याच विश्वासावर उद्या कुणी जंतूचा पेला पुढं केला तर तोही पितील. म्हणून मी पार्कचौक यांच्या बाजूची.

मागवाला

सगळं वाचलं. आता आमचंही ऐका.

माझे वडील जन्मभर यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटानं पन्नाशीतच कानानं ऐकायचे बंद झाले. आई विड्या वळते. हजार विड्या पुऱ्या व्हायला सकाळपासून दिवेलागण होते, घरात तंबाखूची धूळ, आमचं बालपण त्यातच. या धोक्याची परवानगी आमच्याकडून कुणी घेतली? कुठली समिती बसली? लंडनच्या कोविड अभ्यासात पोरांना चार हजार पौंडांच्या वर मोबदला मिळाला असं वाचलंय. तिथलं पोरगं पैसे घेऊन गेलं तर ते स्वयंसेवक, आणि आमचं पोरगं गेलं तर ते आमिषाला भुललेलं?

गरीब आहे म्हणून याला कळत नाही, याला नाही म्हणता येत नाही, असं परस्पर ठरवून टाकणं हाही आमचा अपमानच आहे. मला एमएस्सी झालेल्या माणसाइतका मेंदू आहे. मला नीट सांगा, आणि मला ठरवू द्या.

सिस्टरताई

भाऊ, तुमचं म्हणणं लागलं मनाला. अक्कल कमी आहे असं मी कुणालाच म्हणणार नाही. माझी भीती वेगळी आहे. समजा चौथ्या दिवशी तुम्हाला वाटलं, बास, घरी जातो. तेव्हा पूर्ण दिवस भरल्याशिवाय पैसे नाहीत असं असलं तर? त्या पैशात पोरीची फी धरलेली असेल, तर तुम्ही ताप अंगावर काढून तिथंच राहाल. दुखतंय हेही लपवाल. मी लोकांना मजुरी बुडू नये म्हणून टाके ओले असताना डिस्चार्ज मागताना पाहिलंय.

रातपाळी

ताईंचा मुद्दा नेमका आहे. मोबदला दिवसावर असला पाहिजे, पुऱ्या मुदतीवर नाही. जेवढे दिवस राहिला तेवढे पैसे, कारण न विचारता. आयसीएमआरची २०१७ ची तत्त्वं म्हणतात मोबदला आमिष ठरेल इतका नसावा. पण तो इतका कमीही नसावा की बुडालेली मजुरीसुद्धा भरून निघू नये. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळं इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. माझ्या मते चॅलेंज ट्रायलमध्ये याच्याही पुढं जाऊन वर्ष-दोन वर्षं त्या माणसाला फोन करून विचारणारा कुणीतरी नेमला पाहिजे. मागाहून येणारं दुखणं फॉर्मच्या तारखा बघून येत नाही.

पार्कचौक

मागवाला, तुमच्या शब्दाचा मान ठेवून सांगतो, माझा विरोध कायम आहे. मागाच्या धोक्याबद्दल कुणी विचारलं नाही हा अन्याय झाला. एक अन्याय झाला म्हणून दुसऱ्या धोक्याचं दार उघडावं, हे मला पटत नाही. पण तुम्ही विचारलेला प्रश्न खरा आहे. ठरवणार कोण?

मागवाला

तेच तर. समितीत असतं कोण?

सूक्ष्मदर्शी

२०१९ च्या नियमांप्रमाणं नीतिसमितीत किमान सात जण लागतात. अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा. निम्मे तरी सदस्य बाहेरचे. कायद्याचा जाणकार, समाजशास्त्र किंवा सामाजिक संस्थेतला माणूस, निदान एक बाई, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सर्वसामान्य नागरिक. हा सर्वसामान्य नागरिक बहुतेक ठिकाणी निवृत्त प्राध्यापक किंवा बँकेतला अधिकारी असतो. पण तो विडी कामगार असू नये असं कुठं लिहिलेलं नाही. आणि टायफॉइडचा अभ्यास कधी आपल्या भागात आला तर माझ्या मते एक जागा पूर्व भागातल्या माणसाला हवीच, तेलुगू जाणणाऱ्या. अभ्यासातून लस निघाली तर ती आधी याच वस्त्यांत फुकट मिळेल, हे परवानगी देतानाच लिहून घ्यायचं काम त्या माणसाचं.

सिस्टरताई

आणि माहितीपत्रक त्या वस्तीत आधी वाचून दाखवा. बाळीवेस यांनी सांगितलेली प्रश्नपत्रिका तोंडी घ्या, तेलुगूत, कानडीत. 'मधेच जाता येतं का' याला ज्यानं मान खाली घालून 'तुम्ही म्हणाल तसं' उत्तर दिलं, त्याला घेऊ नका.

मागवाला

हे चालेल. आमच्या विडी कारखान्याच्या ब्रँचवर दुपारी माप घ्यायला बायका जमतात, तिथं पत्रक वाचून दाखवता येईल. सर, तुमच्याकडं टायफॉइडच्या त्या अभ्यासाचं पत्रक किंवा त्यासारखं काही असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईला आणि तिच्या बरोबरीच्या बायकांना वाचून दाखवतो, त्या काय काय विचारतात ते इथंच लिहितो.

सूक्ष्मदर्शी

व्यनि केला आहे. मराठी मसुदा मी केलाय, तेलुगू करून देणारं कुणी इथं असेल तर हात वर करा.